डागमावशीचा आगाऊ निरोप

डागमावशीने साहेबांच्या टाळक्यात घड्याळ घातलं, साहेबांना टाके पडले आणि घाबरून त्यांनी तिची नोकरी तिला परत दिली, असं आमच्या गल्लीत अजून सांगतात. सांगणाऱ्यागणिक टाके वाढतात. कोपऱ्यावरचा सायकलवाला तर घड्याळ कसं भिरभिरत गेलं, काच कशी फुटली हे असे हातवारे करून दाखवतो की जणू तो तेव्हा साहेबांच्या खांद्यावरच बसला होता.

यातलं घड्याळ खरं आहे. साहेबही खरे आहेत. टाळकं मात्र शाबूत आहे. रोज सकाळी तेल लावून, भांग पाडून ते वेळेवर कारखान्यात येतं. आणि नोकरी परत द्यायचा प्रश्नच नव्हता, कारण ती गेलीच नव्हती. ती जायला निघाली होती आणि मावशीने तिला उंबऱ्यावर गाठलं. घड्याळ न मारता. टेबलावर ठेवून, तेही अलगद.

मावशी धुलाईच्या कारखान्यात आहे. हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, नॅपकिन, आचाऱ्यांचे कोट असा माल टेम्पो भरभरून येतो. आत खोलीएवढाले ड्रम गरगरत असतात, वाफेने भिंतींना घाम फुटलेला असतो आणि कापसाची लव उडून दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. मावशी म्हणते, आमच्याकडे माणूस सकाळी तरुण आत जातं, संध्याकाळी म्हातारं बाहेर येतं, आणि तोंड धुतलं की पुन्हा लग्नाला उभं राहतं.

ड्रमलाही न जुमानणारे डाग खिडकीशी असलेल्या लांब टेबलावर येतात. तिथे तिघी बसतात. एक मावशी. दुसरी गुडघेताई, जिच्या दर वाक्याची सुरुवात 'आई गं' अशी होते आणि शेवट गुडघ्यांवर होतो. तिसरी मुकी, ती मुकी नाही, पण शब्द विकत आणल्यासारखे वापरते. ही नावं अर्थात मावशीनेच ठेवलेली. हातात ब्रश, शेजारी औषधांच्या बाटल्या, पायाखाली वाफेचा पेडल. मावशी टेबलक्लॉथ उजेडाकडे धरते आणि जिथे ती कधीच गेली नाही त्या हॉटेलातली हकीकत सांगते. "ही कॉफी रागाने ठेवलेली आहे. कप आपटलाय. आणि ही लिपस्टिक बघ, नॅपकिनला तोंड पुसून बाई उठून गेली. बिल त्यानेच भरलं असणार, मेल्याने." ड्रमच्या घरघरीवर आवाज चढवायची तिला इतकी सवय झाली आहे की घरी ती 'तुझ्या कानात सांगते' म्हणते तेव्हा खालच्या मजल्यावरचे लोक कान टवकारतात.

या कारखान्याची एक रीत आहे, जुन्या मालकांनी घालून दिलेली. जाणारा माणूस कोणत्याही कारणाने जावो, त्याला टेबलावरचं घड्याळ द्यायचं, खाली पितळी पट्टीवर त्याचं नाव कोरून. एक ड्रायव्हर टॉवेल चोरताना सापडला, त्यालाही घड्याळ मिळालं. तो टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला, असं मावशी सांगते. घड्याळं बाजारातल्या ट्रॉफीवाल्याकडून येतात. शाळांच्या बक्षिसांच्या मोसमात त्याला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून कोणी जाणार असं ऑफिसात ठरलं की पहिलं काम म्हणजे घड्याळाची ऑर्डर.

तर एका सकाळी मावशी कामावर निघाली होती. ट्रॉफीवाल्याने दुकानातूनच हाक मारली आणि तिचं अभिनंदन केलं. आता मजा आहे तुमची, म्हणाला, आराम करा, फिरा. मावशीला वाटलं, हा आपल्याला दुसरंच कोणी समजला. मग त्याने चषकांच्या रांगेमागून घड्याळ काढून तिच्यापुढे धरलं. पट्टीवर तिचं नाव. खाली 'प्रदीर्घ आणि निष्कलंक सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक'. त्याखाली पुढच्या महिन्याची अखेरची तारीख.

नाव आणि तारीख एकाच पट्टीवर कोरलेली पाहिली की माणसाच्या मनात पहिल्यांदा येऊ नये ते येतं. आपण मेलो की काय, असं मावशीला क्षणभर खरंच वाटलं. मग तिने विचारलं की ऑर्डर कोणी दिली. कारखान्याच्या ऑफिसने, मागच्याच आठवड्यात. ट्रॉफीवाला बिचारा चपापला. तुम्हाला माहीत नव्हतं का, म्हणाला. मावशी म्हणाली, माहीत होतं, फक्त रंग बघायचा होता. आणि नाकासमोर बघत कामावर गेली. त्या दिवशी टेबलावर एकही हॉटेलची गोष्ट झाली नाही. मुकीनेसुद्धा विचारलं, "बरं नाही?"

दोन दिवसांनी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेबांचं बोलणं शेवटच्या पाण्यात मऊ करायचं औषध घालून काढल्यासारखं असतं. कुठेही टोचत नाही आणि हातालाही लागत नाही. "बसा ना मावशी. चहा? नको? बरं. म्हणजे कसंय, नवीन मशिन येतंय. डागांचं बरंचसं काम तेच करेल. तेव्हा टेबलावर तिघींची गरज राहणार नाही, दोघी पुरतील, असं आपलं आम्हाला वाटतंय. वाटतंय हं नुसतं. ठरलेलं काही नाही. तुमचं म्हणणं ऐकावं म्हणूनच तर बोलावलं."

"कुणाला काढायचं तेही ठरलं नाही?"

"छे छे. मन अगदी खुलं आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मावशी मूग गिळून बसली. तिला तिथल्या तिथे साहेबांचं पितळ उघडं पाडता आलं असतं, पण पितळ अजून ट्रॉफीवाल्याकडे होतं. मला जरा विचार करू द्या, एवढंच म्हणून ती उठली. साहेबांनी दार उघडून धरलं. तसे ते फार सभ्य.

घरी तिने नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना, सांगितलं. तिचं घर म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत बोललेलं मागच्या खोलीत जातं आणि मावशी बोलत असेल तर गल्लीत. काका शाळेची व्हॅन चालवतात. भांडण दिसलं की ते रिव्हर्स गिअर टाकतात आणि मागे बघत बघत हळूहळू बाहेर पडतात. आत्ताही त्यांनी तेच केलं. कारखाना मोठा, आपण लहान, पोरगी शेवटच्या वर्षाला आहे, नर्स होऊन लागेल नोकरीला, तोवर व्हॅन आहेच. आणि ते काही हाकलून देत नाहीयेत, मानाने निरोप देतायत, घड्याळ देतायत. मोठ्या मनाने घ्यावं.

मावशी म्हणाली, "घड्याळ आहे आपल्याकडे. नोकरी दुसरी नाही."

मग ती बराच वेळ बोलली आणि ते तिने नंतर सगळ्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं, त्यामुळे शब्द चुकायची भीती नाही. मशिन वाईट आहे असं ती म्हणतच नव्हती. तिने ते दुसऱ्या एका कारखान्यात चालताना पाहिलं होतं. शाईचा डाग ते असं खातं की आपण बघत राहावं. मेलं चांगलंच आहे. मशिनपुढे हरायला तिची ना नव्हती. माणसापुढे न खेळताच हरायला होती. इतकी वर्षं ज्या टेबलाशी बसलो तिथून उठायचं तर कोणीतरी समोर येऊन उठ म्हणावं, का ते सांगावं, आपलं ऐकून घ्यावं. आणि शिवाय, ती म्हणाली, घरी बसून मी करू काय, तुमचं तोंड बघू? काका म्हणाले, बघ हं, बघ हं, आणि व्हॅन धुवायला खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मावशी कामगार कार्यालयात गेली. जिना चढून एक लांब बाक, त्यावर मान टाकून बसलेली माणसं, आणि खिडकीपलीकडे एक बाई, जिला त्या दिवशी जन्मभराची सर्दी झाली होती. "काय बावशी," ती म्हणाली, "बशिद आलंय का तुबच्याकडेही?" पुढचं सर्दी वजा करून सांगते.

मशिन आलं, काम घटलं, तर मालक माणूस कमी करू शकतो, बाई म्हणाल्या. तो त्याचा हक्क आहे, त्यावर रडू नका. पण जाते ती जागा जायला हवी. माणूस नकोसा झाला म्हणून जागा गेली असं दाखवता येत नाही. आणि जागा जाणार असेल तर ठरवायच्या आधी त्या टेबलावरच्या सगळ्यांना सांगायचं असतं. का जाणार, कोणत्या मापाने माणूस निवडणार, हे उघड करायचं. कोणी आपणहून जायला तयार आहे का ते विचारायचं. कारखान्यात दुसरीकडे सामावून घेता येतं का ते बघायचं. त्यातूनही नाहीच जमलं तर मग मुदतीची नोटीस आणि भरपाई. बाईंनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "ठरवून झाल्यावर विचारतात ना, त्याला विचारणं म्हणत नाहीत. कळवणं म्हणतात."

"आणि सगळं रीतसर करूनही त्यांनी मलाच काढलं तर?"

"तर काढलं. कायदा तुमची खुर्ची धरून बसत नाही, मावशी. खुर्ची ओढायच्या आधी हाक मारायला लावतो, एवढंच. पण त्यांनी आधीच ठरवलं होतं हे दाखवणार कसं?"

"दाखवते की," मावशी म्हणाली. "टिकटिक करतं ते."

परतीच्या वाटेवर ती ट्रॉफीवाल्याकडे थांबली आणि म्हणाली, मी कारखान्यात जातेच आहे, द्या, पोचवते. त्याला तेवढीच एक फेरी वाचली. त्याने घड्याळ कागदात बांधून दिलं.

सकाळी कामाला हात लावायच्या आधी ती केबिनमध्ये गेली. कागद सोडला, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि पट्टी साहेबांकडे वळवली. ड्रम अजून सुरू व्हायचे होते. त्या शांततेत घड्याळ असं वाजत होतं की जणू बोलावलेला साक्षीदार घसा साफ करतोय.

"साहेब, मन खुलं आहे ना अजून?"

साहेब खुर्चीतून इतक्या झटक्याने उठले की खुर्ची मागे जाऊन कपाटावर आदळली. बाहेर दाराशी जमलेल्यांनी तो आवाज ऐकला, आणि गल्लीतली ती टाक्यांची गोष्ट तिथेच जन्माला आली.

साहेबांनी आधी रीतीचा आधार घेतला. कारखान्याची परंपरा आहे, म्हणाले, आदर म्हणून देतो आपण. मावशी म्हणाली, आदर दिसतोय, पितळेवर आहे, पण खाली तारीखही आहे. साहेब म्हणाले की तसं नाही, ट्रॉफीवाल्याला वेळ लागतो, शाळांचा मोसम आहे, म्हणून त्याला जरा आधी विचारून ठेवलं.

"म्हणजे ट्रॉफीवाल्याला आधी विचारलंत," मावशी म्हणाली, "आणि मला नंतर."

मावशीने मग विचारलं की तिघींमधून मीच का. साहेबांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. तुमची मुलगी आता कमावती होईल, म्हणाले, तेव्हा तुम्हाला त्यातल्या त्यात त्रास कमी, असा चांगलाच विचार केला आम्ही. आणि गंमत अशी की त्यांनी तो खरंच चांगल्या मनाने केला होता. मावशीला हे कळत होतं आणि त्यामुळे तिचा पारा जास्तच चढत होता.

"माझी मुलगी तुमच्या कारखान्यात कामाला नाही. तिच्या पगारावरून माझी जागा ठरवायची नाही."

"मग तुम्हीच सांगा मावशी, मी कुणाला काढू? गुडघ्यांनी बेजार आहे तिला? का त्या गरीब गाईला?"

"ते ठरवायचा पगार तुम्हाला मिळतो, मला नाही. मी दुसरीच्या पोटावर पाय देऊन बसणार नाही. मी एवढंच म्हणते, तिघींना समोर बसवा आणि विचारा. नाहीतर खिडकीतल्या त्या सर्दीवाल्या बाई विचारतील, आणि त्यांना चहा नको असतो."

आणि ती बाहेर येऊन टेबलाशी बसली. तिने सगळ्यात चिवट डाग ओढून घेतला आणि तो निघेपर्यंत घासत राहिली.

साहेबांनी कोणाला फोन केले, कोणाकडून बोलणी खाल्ली, ते आम्हाला माहीत नाही. पण आठवड्याच्या शेवटी तिघींना बोलावणं आलं. घड्याळाची ऑर्डर चुकीची होती असं साहेबांनी तिघींसमोर कबूल केलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करू म्हणाले. प्रत्येकीशी वेगळं बोलणार, मगच ठरवणार. घड्याळ त्यांनी ट्रॉफीवाल्याकडे परत पाठवलं होतं, पण कोरलेलं पुसता येत नाही म्हणून त्याने घेतलं नाही.

इथे मला गोष्टीत शिरावं लागतं, कारण पैज माझ्याशी लागली. मावशी आमच्याकडे आली होती, आईशी बोलत होती, आणि मी बाजूला बसून साहेबांच्या आवाजात 'वाटतंय हं नुसतं' म्हणून दाखवत होते. बोलता बोलता मी म्हटलं की मावशी, उगाच आशा लावू नकोस. आता ते सगळी रीत पाळतील, गोड बोलतील, सगळ्यांना विचारतील आणि शेवटी तुलाच काढतील, कारण तू त्यांची इज्जत काढलीस. फक्त या वेळी नीट काढतील. आईने माझ्याकडे डोळे वटारले. मावशीने हातातला रुमाल घडी केला, मोडला, पुन्हा घडी केला. मग म्हणाली, "लाव पैज. हरेल तिने महिनाभर दोन्ही घरांचे कपडे धुवायचे. हाताने." मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे. ती जिंकेल असं तिलाही वाटत नव्हतं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. पहिल्यांदाच तो खालच्या मजल्यापर्यंत गेला नव्हता.

साहेबांनी आधी मुकीला बोलावलं. ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. काय बोललीस, असं विचारलं तर म्हणाली, "राहायचंय." मग मावशी गेली, आणि साहेबांचा चहा गार होऊन वर साय धरेपर्यंत बाहेर आली नाही. मशिनच्या तोंडाशी माल लावायला कोणीतरी लागेल, त्याचा विचार केलात का, इथपासून ते केबिनच्या पडद्यावरच्या डागापर्यंत तिने सगळं काढलं. शेवटी गुडघेताई गेली. आई गं म्हणत बसली. साहेबांनी समोरचा कागद वाचायला घेतला की कोणाला भरपाई घेऊन स्वखुशीने जायची इच्छा असल्यास, आणि वाक्य संपायच्या आत गुडघेताईने हात वर केला.

तिला जायचंच होतं. किती तरी दिवसांपासून. भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं छोटं दुकान टाकायचं, उंच स्टुलावर बसून काम करायचं, गुडघ्यांना सुट्टी द्यायची, एवढं तिचं स्वप्न होतं. पण आपण होऊन राजीनामा दिला तर हाती धुपाटणं, म्हणून बिचारी वाफेच्या पेडलवर पाय मारत कळ काढत बसली होती. हे आधी का नाही बोललात, असं साहेबांनी विचारलं.

"अहो, मला कुणी विचारलंच नाही," गुडघेताई म्हणाली.

साहेब म्हणे दोन्ही हातांनी कपाळ धरून बसले. तेच कपाळ, टाके नसलेलं.

मावशी टेबलाशीच राहिली. आता अर्धा दिवस ती मशिनच्या तोंडाशी उभी असते आणि त्याला नावं ठेवते, ते ऐकत नाही याचा तिला राग येतो. ती बातमी घेऊन आली तेव्हा जिन्यापासूनच ओरडत आली, त्यामुळे आम्हाला दार उघडायच्या आधीच सगळं कळलं होतं. आई तिच्या गळ्यात पडली. मी अभ्यासाचं निमित्त काढून मागच्या खोलीत सटकत होते, तोवर तिने माझ्या हातात बादली दिली.

पहिल्याच दिवशी काकांनी पांढऱ्या शर्टवर चहा सांडला. चुकून, असं ते म्हणतात. मी तो शर्ट घासला, पिळला, वाळत घातला. मावशीने दोरीवरून काढून खिडकीतल्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून बघितलं, आणि बादलीत टाकला.

"परत," म्हणाली.